वाफ की पाणी

आमचं जुनं मशीन बंद पडलं ते एका शाळेच्या व्हॅनमध्ये, अर्धी सीट धुऊन झालेली असताना. आधी नुसतीच घरघर केली, मग जळका वास सोडला, आणि ओढून घेतलेलं सगळं काळं पाणी परत सीटवर ओकून टाकलं. मी दुकानाच्या दुसऱ्या टोकाला होते, तिथून ओरडले, "अहो, काहीतरी जळतंय, बटण बंद करा." आमचे हे मशीनला चिकटून उभे होते, पण मी ओरडल्यावर तेव्हा कुठे यांनी बटण बंद केलं. मला यांचा रागच आला.

आमचं काम म्हणजे गाड्या आतून धुणं. बाहेरून गाडी कोणीही चमकवतं. पण सीटच्या कापडात, पायाखालच्या कार्पेटमध्ये, त्याच्याही खालच्या स्पंजमध्ये काय काय मुरलेलं असतं ते देवाला ठाऊक, आणि त्याच्या खालोखाल आमच्या यांना. गिऱ्हाईक म्हणणार, "काही नाही हो, थोडं पाणी सांडलंय." गिऱ्हाइकं डॉक्टरांशीसुद्धा इतकं खोटं बोलत नसतील. हे सीटवर वाकणार, डोळे मिटणार, आणि सरळ होऊन सांगणार, "फळांचा रस आहे. आणि त्याच्या आधी कुणाला तरी गाडी लागली होती." मग गिऱ्हाईक ओशाळं होऊन खरं काय ते सांगणार. डाग कसला हे कळल्याशिवाय पुढचं काही ठरत नाही. तेलकट डागाला गरम पाणी लागतं. दुधावर, अंड्यावर, रक्तावर मात्र गरम पडलं की संपलं, ते तिथल्या तिथे शिजतं आणि धाग्याला धरून बसतं.

आमच्या दुकानाची आणखी एक रीत होती. धुतलेली गाडी काचा वर करून, दारं लावून रात्रभर बंद ठेवायची. सकाळी चहासुद्धा न घेता हे एक दार उघडून डोकं आत घालायचे. स्पंज ओला राहिला असेल किंवा डागाचं मूळ आत उरलं असेल, तर कोंडलेला वास पहिल्या श्वासातच कळतो. त्या श्वासानंतर यांनी मान हलवली की गाडी परत धुवायची, मग गिऱ्हाईक दारात उभं का असेना. सुगंधी पुठ्ठे आणि अत्तराच्या बाटल्या आमच्याकडे कधी आल्या नाहीत. तोंड न धुता पावडर लावण्यातला प्रकार, असं हे म्हणायचे. लोक आमच्याकडे यायचे ते यांच्या नाकावर भरवसा ठेवून.

अलीकडे मात्र लोक कमी झाले होते. चौकात एक मोठं चकचकीत दुकान उघडलं होतं, तिथे गाडी धुऊन होईपर्यंत गार हवेत बसायला सोफे होते. त्यातच मशीन गेलं. आता आशा होती ती एकाच कामाची. टॅक्सीवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षबाई स्वतः टॅक्सी चालवायच्या. त्या म्हणाल्या होत्या, "आधी माझी गाडी करून दाखवा. पसंत पडली तर सगळ्या टॅक्सी तुमच्याकडे." ते काम मिळालं तर दुकान राहणार होतं. नाही मिळालं तर शटर ओढायचं आणि यांनी त्या सोफेवाल्या दुकानात कामाला लागायचं, असा सरळ हिशोब होता. इतकी वर्षं स्वतःचं दुकान चालवलेल्या माणसाने या वयात दुसऱ्याच्या हाताखाली जायचं, हे माझ्याने बघवलं नसतं.

मशीनवाला दोन मशीनं घेऊन आला. गळ्यात टाय, पाठीवर घामाचा नकाशा, आणि तोंडाने अखंड बडबड. बापडा सभ्य होता. "दोन्ही वापरून बघा, जे आवडेल ते ठेवा, दुसरं मी घेऊन जातो," म्हणाला. एक होतं वाफेचं, उंच, चकाकणारं. दुसरं बुटकं आणि बेढब, पण सीटमध्ये पाणी फवारून त्याच दमात परत ओढून घेणारं. त्याच्या नळीच्या तोंडाशी काचेसारखं पारदर्शक झाकण होतं, त्यातून किती घाण निघतेय ते दिसायचं. आणि त्यात पाणी गरम घाला नाहीतर थंड, त्याची काही तक्रार नव्हती. मला तेच आवडलं.

यांनी मात्र वाफेचाच धोशा लावला. "वाफेत पाणी कमी लागतं. सीट लगेच सुकते. आत ओल राहायची भीती नाही."

"ओल राहिली तर तुम्हाला कळतंच की. मग भीती कसली?"

"वय झालं आता. परत परत धुण्याची दगदग नको."

मी वाद वाढवला नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी यांच्यावर खूश होते. थंडीत यांना मोठा ताप येऊन गेला होता, आणि त्या तापातून उठल्यापासून माणूस सुधारला होता. पूर्वी घरात पाऊल टाकतानाच यांचं सुरू व्हायचं, कांदा जास्त परतलास, लसूण करपला. आता ताटात पडेल ते मुकाट खायचे. एकदा माझी भाजी चांगलीच लागली होती, मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन वाढली, तर यांनी दोनदा मागून घेतली आणि वर "छान झालीय" म्हणाले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रोज सकाळी गाडी उघडताना मला हाक मारायचे. "अगं, ये ना जरा. एकटा काय उघडू?" मी चहाचा कप घेऊन जायची. हे दार उघडायचे, आत डोकावायचे, आणि मग माझ्याकडे बघायचे. निवांत, नीट बघायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने माझ्यापेक्षा गाड्यांच्या सीटांकडे जास्त बघितलंय. मी सकाळी केस विंचरून दुकानात जायला लागले. हे मी फक्त माझ्या बहिणीला सांगितलं होतं, आणि ती फोनवर इतकी हसली की मी फोन ठेवून दिला.

अध्यक्षबाईंनी टॅक्सी आणून लावली तेव्हा मी आत बिलाच्या टेबलाशी फोनवर होते. काचेतून दिसलं, बाई मागच्या सीटकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या. हे वाकले, डोळे मिटले, सरळ झाले आणि मान डोलावली. नेहमीचंच. मी बाहेर आले तोवर बाई गेल्या होत्या आणि दुकानभर पांढरी वाफ झाली होती. हे त्या वाफेत मजेत उभे होते, हातातल्या नळीने सीटवर फुस्स फुस्स करत.

"कसला डाग आहे?" मी विचारलं.

"चहाचा," हे म्हणाले. बाईंना कुणा पॅसेंजरने पाणी सांडलंय म्हणून सांगितलं होतं.

साबणाच्या आणि वाफेच्या वासात मला वेगळं काही जाणवलं नाही. संध्याकाळपर्यंत सीट कोरडी ठणठणीत, डागाचा मागमूस नाही. दारं लावून आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी हाक मारली तेव्हा माझ्या कानाला फोन होता. पलीकडे लेक. आमच्या नातवाने शाळेत बाईंना सांगितलं होतं, की माझी आजी सगळ्या गाड्यांना आंघोळ घालते आणि आजोबा त्यांचं अंग पुसतात. मी हसत हसतच गाडीपाशी गेले. यांनी दार उघडलं, डोकं आत घातलं, बाहेर काढलं, आणि माझ्याकडे बघितलं. मी अजून हसतच होते.

"झकास," हे म्हणाले. "बाईंना कळवतो, घेऊन जा म्हणून." आणि लगेच फोन लावून बोललेसुद्धा. बाई जवळच होत्या, येतेच म्हणाल्या.

मी लेकीचा फोन ठेवला आणि श्वास घेतला, तेव्हा तो वास माझ्यापर्यंत आला. उतू गेलेलं दूध पातेल्याच्या बुडाशी करपावं आणि ते पातेलं झाकण लावून विसरून जावं, तसला. मी पदर नाकाला लावला.

"अहो, झकास काय? दूध आहे हे. दूध शिजवलंत तुम्ही सीटमध्ये."

"दूध?" यांनी विचारलं.

गिऱ्हाइकं विचारतात तसं विचारलं, काहीच ठाऊक नसल्यासारखं. ज्या माणसाने दूध साधं की आटवलेलं ते कापडावरून ओळखलं असतं, तो माणूस माझ्याकडे बघत होता. नीट बघत होता, रोजच्यासारखाच. माझ्या पदराकडे, कपाळावरच्या आठ्यांकडे. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"तुम्हाला वास येत नाही," मी म्हणाले.

हे सीटच्या कडेवरून हात फिरवत राहिले.

"कधीपासून?"

"ताप आला तेव्हापासून. आधी वाटलं, सर्दी आहे, जाईल. मग डॉक्टरांना दाखवून आलो गुपचूप. ते म्हणाले, परत येईल कदाचित. कदाचित नाही येणार."

"आणि इतके दिवस गाड्या कशा काय पास केल्यात?"

"तुझ्याकडे बघून," हे म्हणाले. "तुझ्या तोंडावर सगळं दिसतं गं. वास असला की तुझं नाक आधीच वर होतं."

म्हणजे रोज सकाळची ती हाक, ते निवांत बघणं. मी केस विंचरून जात होते आणि हा माणूस माझ्याकडे मीटर बघावा तसा बघत होता. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. "मग तिसरं मशीन घरातच होतं की तुमच्या," मी म्हणाले. "फुकटचं. चहासुद्धा स्वतःचा स्वतः घेऊन यायचं." आणखीही बरंच बोलले. भाजीचंही काढलं. हे ऐकून घेत होते, पण यांचं अर्धं लक्ष सीटकडे होतं. मी दम घ्यायला थांबले तेव्हा बघितलं, तर हे पुन्हा सीटवर वाकले होते आणि श्वास ओढत होते. जोर लावून, खांदे वर जाईपर्यंत, पुन्हा पुन्हा. कुलूप लागलेलं दार माणूस ओढत राहतो तसं. मग मान वर केली आणि म्हणाले, "काहीच नाही. नुसती हवा येते."

माझा राग गेला कुठल्या कुठे. इतक्या महिन्यांत या माणसाने हे एकट्याने कसं पोटात ठेवलं असेल, असं वाटून मला गलबलून आलं.

पण रडत बसायला वेळ नव्हता. बाई येणार होत्या, आणि मशीनवालाही आज निकाल ऐकायला येणार होता. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "हे बघा, कोणाला काही सांगायचं नाही. मशीन खराब निघालं म्हणायचं. आम्ही नेहमीसारखं धुतलं, वाफेनेच घात केला. मशीन परत जातंय, आपण गाडी पुन्हा धुऊन देतोय. संपलं."

"तो बिचारा..."

"त्याचा तो बघेल. तुम्हाला वास येत नाही हे टॅक्सीवाल्यांत फिरलं तर कोण येणार आहे आपल्याकडे?"

हे गप्प राहिले. मी ते हो म्हणूनच धरलं.

मशीनवाला आधी आला. टायची गाठ सारखी करत म्हणाला, "काय, आवडलं का वाफेचं?" आणि दुकानातला वास नाकात गेल्यावर तिथेच थबकला. तोच मागून अध्यक्षबाई आल्या. बाई उंच, बोलणं मोजकं. त्यांनी आपल्या टॅक्सीचं दार उघडलं, लगेच लावलं, आणि आमच्याकडे वळून नुसतं बघितलं.

मी तोंड उघडलंच होतं. पण मशीनवाला आधी बोलला. "माझ्या मशीनमुळे झालं असेल तर..." चेहरा एवढासा झाला होता त्याचा. नोकरीत त्याला ही मशीनं परत नेताना काय ऐकावं लागत असेल ते त्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मशीन चांगलं आहे," आमचे हे म्हणाले. "दुधावर वाफ मारायची नसते. मी मारली."

मी यांच्या शर्टाला मागून हिसका दिला. यांनी तो हात धरून बाजूला केला.

"दूध आहे हे मला कळलं नाही, बाई. तुम्हाला मी चहा सांगितला तो अंदाजाने. मला वास येत नाही. थंडीत ताप येऊन गेला, त्यात गेला."

हे सरळ उभे होते, हात पँटला पुसत. मला वाटलं, झालं, दुकान गेलं. आणि त्याच वेळी मला या माणसाचा इतका अभिमान वाटला, की दोन्ही एकदम वाटल्यामुळे मला कुठे बघावं ते कळेना.

अध्यक्षबाईंनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, "माझ्या पॅसेंजरांना वास येतो पण. मग आता तपासणार कोण?"

"ही," हे माझ्याकडे बघून म्हणाले. "ताप आल्यापासून हीच तपासतेय. तिला माहीत नव्हतं, एवढंच."

"बघू," बाई म्हणाल्या आणि त्यांनी गाडीची चारही दारं उघडली. "सांगा काय काय येतंय."

मी आयुष्यात कधी सीटवर वाकले नव्हते. ते यांचं काम. पण वाकले, डोळे मिटले. "दूध तर आहेच," मी म्हणाले. "स्पंजपर्यंत गेलंय. या कोपऱ्यात जास्त आहे, बाटली इथे कलंडली असणार. दाराच्या खणात संत्र्याची सालं होती कधीतरी. आणि पुढच्या सीटखाली कुत्रा."

"माझ्या गाडीत कुत्रा नसतो," बाई म्हणाल्या.

मी पुन्हा वाकले. "ओला कुत्रा."

बाईंनी मशीनवाल्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "पाऊस असला की बसवते कधीतरी," त्या म्हणाल्या. "ही गाडी परत धुवा. उद्या येते. मग बाकीच्यांचं बोलू." आणि गेल्या.

मशीनवाला अजून उभाच होता. "मग कुठलं ठेवू?"

हे माझ्याकडे वळले. दुकानातल्या गोष्टीत यांनी माझं मत आजवर कधी विचारलं नव्हतं. मी बुटक्या मशीनकडे मान केली.

"पाण्याचं ठेवा," हे म्हणाले. "त्यात निघालेली घाण दिसते. निदान डोळ्यांनी तरी मला कळेल."

ती सीट धुवायला दुपार गेली. थंड पाण्यात दुधाची पावडर, म्हणजे दुधाचे डाग सोडवायची पावडर, घालून ती आधी मुरवावी लागली. मग एका बाजूने मी ब्रश मारत होते, दुसऱ्या बाजूने हे गुडघ्यांवर बसून नळी ओढत होते. यांची नजर त्या पारदर्शक झाकणावरून हलत नव्हती. आधी पांढरं, चिकट काहीतरी निघत होतं, मग गढूळ पाणी, मग त्याहून फिकं. शिजून बसलेलं दूध ते, सहजासहजी सुटणार थोडंच. यांनी पुन्हा फवारलं, पुन्हा ओढलं. अगदी नितळ पाणी यायला लागल्यावर यांनी मशीन बंद केलं, आणि एकदम सगळं शांत झालं.

"ती भाजी लागली होती खरंच?" यांनी विचारलं.

"काळी झाली होती."

"रंग दिसला मला. म्हटलं काहीतरी नवीन केलंयस."

मला हसू आलं. यांना नाही आलं. हे नळी गुंडाळत बसले आणि माझ्याकडे न बघता बोलले.

"गाड्यांचं चालेल गं. तू आहेस. जेवणाचंही चालेल, पोट भरतं. पण पूर्वी घरी आलो की दार उघडल्या उघडल्या मला कळायचं, तू घरात आहेस का बाहेर गेलीस ते. बघायला लागायचं नाही. तुझा म्हणून एक वास होता. साबणाचा म्हण, कशाचा म्हण, मला नाही सांगता येणार. आता दार उघडतो तर घर रिकामंच असतं. तू आत असलीस तरी रिकामं. मग शोधत यावं लागतं."

रोज संध्याकाळी हे आल्यावर या खोलीतून त्या खोलीत फिरायचे. काय शोधताय म्हटलं की चष्मा म्हणायचे. चष्मा डोळ्यांवरच असायचा. मी म्हणायची, म्हातारे झालात.

मी ब्रश बादलीत टाकला आणि यांच्या शेजारी ओल्या फरशीवर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी त्या गाडीचं दार मी उघडलं, आत कसलाही वास नव्हता, कुत्र्याचासुद्धा. बाईंनी स्वतः डोकं घालून बघितलं आणि दुपारी आणखी दोन टॅक्सी पाठवल्या. ते सगळं पुढे होत गेलं.

पण ती सीट धुतली त्या दिवशी संध्याकाळी मी दुकानातून आधी निघाले. हे शटर लावून मागून येणार होते. मी हातपाय धुऊन भाजी चिरायला घेतली. थोड्या वेळाने बाहेर किल्लीचा आवाज झाला, दार उघडलं.

"मी स्वयंपाकघरात आहे," मी आतूनच म्हणाले.

बाहेर काही हालचाल नाही. हे दारातच उभे असणार.

"अहो, आहे मी घरात," मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. "भाजी चिरतेय. तुमचा टॉवेल खुर्चीवर ठेवलाय. लेकीचा फोन येऊन गेला. उद्यासाठी ती पावडर थोडीच उरलीय, आठवणीने आणा." सुचेल ते बोलत राहिले.

मग चपला काढल्याचा आवाज आला.